एकोणीस गाठी

सासूबाईंनी आपलं कफन शिवायला काढलं, तेव्हा त्यांची तब्येत घरातल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत होती. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले होते की हृदयाची एक झडप जरा सैल झाली आहे, वयाच्या मानानं ठीक आहे, जपून राहा. बाईंनी पुढचं काही ऐकलंच नाही. सैल म्हटलं की त्यांना फक्त सुई-दोरा सुचतो. घरी आल्या, चहा प्यायल्या, लोकरीचा गुंडा मांडीवर ओढला आणि मुलाला म्हणाल्या, "माझे शेवटचे कपडे तयार करून ठेवायचे. नंतर तुम्ही घाईघाईत मला कशात तरी गुंडाळाल."

त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसला होता, ते काढलंही नाही. "बरं," म्हणाला. एकतीस वर्षांच्या संसारात आई आणि बायको यांच्यामधल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत या एका शब्दाच्या पुढे गेलेलं मी पाहिलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ज्यू लोकांत माणूस गेला की त्याला साध्या पांढऱ्या कापडाचे, हातानं शिवलेले कपडे घालतात. टोपी, सदरा, पायजमा, वरून अंगरखा, कमरेला पट्टा आणि शेवटी चादर. श्रीमंत असो की फाटका, सगळ्यांना तेच कापड आणि तोच बेत. खिसा नाही, बटण नाही, वेलबुट्टी नाही. टाके मोठे आणि सैल घालायचे आणि दोऱ्याला गाठ कुठेही मारायची नाही. जाणारा माणूस कशालाही बांधलेला राहू नये, असं थोरली माणसं सांगतात. हे कपडे आधीच शिवून ठेवले की आयुष्य वाढतं, असंही म्हणतात. आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, एका आजोबांचे कपडे इतकी वर्षं तयार होते की त्यांना दोनदा कसर लागली आणि दोनदा नवे शिवावे लागले. आजोबा अजून दर शनिवारी पहिल्या बाकावर बसून घोरतात.

तेव्हा कफनाच्या बोलण्यानं घरात कुणी दचकलं नाही. दचकले ती मी, आणि तीही वेगळ्या कारणानं.

सिनेगॉगच्या मागे एक लांबट खोली आहे. दोन खिडक्या, एक मोठं टेबल, एक कपाट. दर मंगळवारी दुपारी तिथे बायका शिवायला बसतात. तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीवरचं मखमली वेष्टन विरलं की त्याला अस्तर लावायचं, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, पावावर घालायची कापडी झाकणं भरतकामानं सजवायची, आणि गेलेल्या बायकांचे कपडे शिवायचे. चाळीस वर्षं त्या खोलीवर सासूबाईंचं राज्य होतं. कपाटाची किल्ली त्यांच्या स्वेटरच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनेनं अडकवलेली असायची. आणि एकतीस वर्षांत, म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हापासून, त्या खोलीत त्यांनी मला एकही टाका घालू दिला नव्हता. मी सुया ओवायच्या. मी इस्त्री करायची. चहा तर माझ्याकडेच.

आता हे कुणाला? तर मला. मी शिंपीण आहे. नाक्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांचं पोट वाढतं, मी पँटची कमर सोडते. पोट उतरलं असं ते सांगत येतात, मी कमर आत घेते आणि दोन महिन्यांनी तीच परत सोडते. माझी शिलाई कुठल्याही धुण्याच्या यंत्राला भीत नाही. टाक्याच्या शेवटी गाठ, गाठीवर गाठ, आणि दातानं दोरा तोडायचा. पण लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी हौसेनं शब्बाथच्या पावासाठी झाकण शिवून दिलं, द्राक्षाची वेल भरून, आणि सासूबाईंनी ते हातात घेऊन आधी उलटं केलं. भरतकाम त्या मागच्या बाजूनं बघतात. माणसंही तशीच बघतात. "हात बाजारी आहे," म्हणाल्या. रविवारी बसून त्यांनी ते सगळं उसवलं आणि स्वतः पुन्हा भरलं. ते झाकण अजून घरात आहे. पाहुणे आले की त्याचं कौतुक होतं, आणि मी पाव कापते.

स्वतः त्या विणायच्या. घरात जन्मलेल्या, घरात आलेल्या आणि घराला नुसता हात लावून गेलेल्या प्रत्येक माणसाकडे त्यांचा स्वेटर आहे. आमची शेगडी दुरुस्त करून गेला त्याच्याकडेसुद्धा आहे. गळा इतका घट्ट की डोकं आत घालताना माणसाला आपला जन्म आठवतो. सिनेगॉगमधल्या प्रत्येक टकलावर त्यांनी क्रोशानं विणलेला किप्पा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळची गोल टोपी. ती बसली तर ठीक, नाही बसली तर डोकंच चुकीचं. हे सगळं विणकाम घरचं आणि माझं तेवढं बाजारी. नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय होईल?

पुढच्या मंगळवारी त्यांनी खोलीत जाहीर केलं. आम्ही नेहमीच्या होतो: सासूबाई, बेकरीवाली, साठीच्या दोन जुळ्या बहिणी ज्या कुठलंही उत्तर एकदमच देतात, मी, आणि त्या दिवशी माझी नणंदही आली होती.

"सहा आठवडे देते," सासूबाई म्हणाल्या. "जिच्या हातचं कफन मी पास करीन, तिच्याकडे ही किल्ली. मी गेल्यावर मला भांडणं नकोत."

"मग आत्ताच करून घेऊ," बेकरीवाली म्हणाली.

नणंदेच्या चेहऱ्यावर तेज आलं. ती वर्षापूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सगळे तिला अजून हेडबाईच म्हणतात. तेव्हापासून हुकूम सोडायचा कुणावर, हा तिचा प्रश्न आहे. पास हा शब्द तिनं वर्षभरानं ऐकला होता. शिवणाशी तिचा संबंध एवढाच, की शाळेत शिवणाचा तास चालू असताना ती दारात उभी राहून गडबड नको म्हणायची.

"मी शिवीन, आई," ती म्हणाली.

मी इस्त्री खाली ठेवली. "मीपण शिवणार."

जुळ्या बहिणींनी एकदम चहाचा घोट गिळला.

"शीव," सासूबाई म्हणाल्या. "कापड तुझं तू आण."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं नाही, मस्त लागली. मला किल्ली नको होती. कपाटात काय आहे ते मला तोंडपाठ होतं, त्या कपाटात इस्त्री केलेलं सगळं मीच भरत होते. मला त्या खोलीत शिवायचं होतं. माझा हात त्या घरात, त्या टेबलावर धरला जावा, एवढंच हवं होतं. छप्पन वर्षांच्या बाईनं अशी इच्छा धरावी, हे हसण्यासारखं आहे. हसा खुशाल.

मी उत्तम मांजरपाट आणला. धुतला, वाळवला, दुधासारखा पांढरा काढला. मग प्रश्न आला मापाचा. कफनाला माप लागत नाही, ते ढगळच असतं. पण माप न घेता कापड कापणं म्हणजे माझ्या धंद्यात शिवी. एके दिवशी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्हाला घरात घालायला गाऊन शिवते, जरा हात वर करा." त्यांनी हात वर केले. टेप कमरेला लावला तेव्हा म्हणाल्या, "कमरेत जरा आत घे. मी आता बारीक झाले आहे." मी कशासाठी माप घेते आहे हे त्यांना कळलं नव्हतं असं मी तेव्हा समजत होते.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या दारात एक पाकीट आलं. नणंद वरच्या मजल्यावर राहते आणि तिचं टपाल नेहमी आमच्याकडे पडतं. पाकीट फाटलं होतं. म्हणजे मी ते फार फाडलं नाही. आत तयार कफन होतं, यंत्रावर शिवलेलं, आणि मानेपाशी लेबल: कोमट पाण्यात धुवा, उलटं करून वाळवा, इस्त्री मध्यम. सोबत एक चिठ्ठी, माल पसंत न पडल्यास पंधरा दिवसांत परत करावा.

मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त बेकरीवालीला सांगितली. शनिवारच्या प्रार्थनेआधी बातमी पहिल्या बाकावरच्या आजोबांपर्यंत पोचली होती.

"परत करायला येणार कोण?" बेकरीवाली ज्याला त्याला विचारत सुटली.

हेडबाईनं पाकीट परत पाठवलं आणि ओठ घट्ट मिटून स्वतः शिवायला बसली. वरच्या मजल्यावरून रोज दुपारी कात्री पडल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ शाळेत कधीच ऐकू न आलेले शब्द. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. नाचता येईना आणि अंगण वाकडं, तेही वरच्या मजल्याचं.

मी दुकानात, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात शिवत होते. काय शिवत होते, काय सांगू. बाहीची शिलाई आतून दुमडून अशी झाकली की उलटं-सुलटं ओळखू येऊ नये. गळ्याला सरळ पट्टी. अंगरख्याला कमरेत समोरून दोन आणि मागून दोन डार्ट, म्हणजे कापड आत घेणाऱ्या शिवलेल्या चुण्या, आईंनी सांगितलं होतं तेवढेच आत. दोऱ्याला गाठ मारायची नाही, हे मी स्वतःला इतकं बजावलं होतं की दुकानाच्या आरशावर कागद चिकटवला होता: गाठ नाही. एक बाई तिच्या जावयाची पँट घ्यायला आली, तिनं अंगरखा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "काय सुंदर नाइटगाऊन आहे. मलाही अस्साच शिवून द्या."

"वेळ आली की देईन," मी म्हटलं.

परीक्षेच्या मंगळवारी चहा मी केला नाही. म्हटलं, आज मी उमेदवार आहे. तेव्हा चहा जुळ्या बहिणींनी केला आणि तो कुणीच संपवला नाही.

सासूबाईंची नजर त्या वर्षी फार मंदावली होती. त्या डोळे मिटून बोटांनी तपासायच्या. आधी नणंदेचं घेतलं. टेबलावर ते पसरल्यावर मला तर हसू आवरेना. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब. टाके असे, की कोंबडी शाई सांडून कागदावरून गेली असावी. पायजम्याचे दोन्ही पाय गुडघ्यापाशी एकमेकांना शिवले गेले होते.

"हे चिकटलंय," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," नणंद म्हणाली. शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखा आवाज. "शेवटी लक्षात आलं."

"असू दे. चालायचं कुठे आहे?" त्यांनी एका शिलाईचं टोक धरून ओढलं. दोरा सरसर करत अख्खा बाहेर आला. "सुटतं," म्हणाल्या, आणि समाधानानं मान हलवली.

नणंदेला गाठ मारताच येत नाही. हे मी आधी ओळखायला हवं होतं.

मग माझं घेतलं. जुळ्या बहिणी एकदम म्हणाल्या, "काय सुबक." बेकरीवालीनं हात पुसून कापडाला हात लावला. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. कौतुक ऐकताना असं बघतात.

सासूबाईंची बोटं गळ्यावरून गेली, खांद्यावरून गेली, कमरेपाशी थांबली.

"हे काय?"

"डार्ट आहेत."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आई. कमरेत नीट बसावं म्हणून."

"तिकडे मला कुणी बघायला येणार आहे का?"

बेकरीवाली हसली. मीही हसल्यासारखं केलं. बोटं पुढे सरकली. बाहीच्या शिलाईवरून हळूहळू, एकेक टाका चाचपत. मग थांबली.

"गाठ."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मी प्रत्येक दोरा गाठ न मारता सुरू केला आहे. शपथेवर सांगते."

"हात दे."

त्यांनी माझं बोट धरून त्या जागी टेकवलं. दुमडलेल्या कापडाच्या आत, राईच्या दाण्याहून बारीक. होती. दोरा सुरू करताना मी डोळ्यांत तेल घालून जपले होते. तो संपताना माझ्या बोटांनी मला न विचारता आपलं काम केलं होतं. तीस वर्षं ज्या ठिकाणी अंगठा आणि तर्जनी फिरतात, तिथे ती फिरली होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच. सासूबाईंना पुढची सापडली. मग पुढची. जुळ्या बहिणी मोठ्यानं मोजायला लागल्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस झाल्या.

मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना.

"हिचं नापास," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वेटर उलटून पीन काढली आणि किल्ली मुलीच्या हातात दिली. मग माझं कफन गुंडाळून माझ्याकडे सरकवलं. "घरी ने. तुझ्या दुकानात लाव, गिऱ्हाइकं येतील."

अंगाचा तिळपापड झाला. मी ते बोचकं घरी आणलं, खालच्या खणात कोंबलं आणि मंगळवारी जाणं बंद केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सुया ओवायला कुणी नव्हतं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

घरात आम्ही नवऱ्यामार्फत बोलायला लागलो. "आईंना सांग, जेवण वाढलंय." तो भिंगाआडून म्हणायचा, "आई, जेवण वाढलंय." त्या म्हणायच्या, "तिला सांग, मी बहिरी नाही." तो माझ्याकडे वळायचा. मी म्हणायचे, "ऐकलं." तो म्हणायचा, "बरं." त्याला हा काळ बायकोनं आणि आईनं आपल्याला महत्त्व दिल्याचा वाटला असावा.

महिन्याभरानं मी खालचा खण उघडला तर बोचकं नव्हतं. सासूबाईंच्या खुर्चीखाली झाडताना पांढऱ्या दोऱ्यांचे बारीक तुकडे निघाले. मी समजले. फडकी केली असणार, माझ्या उत्तम मांजरपाटाची. पायपुसणी केली असणार. विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं याची मलाच खात्री नव्हती. त्याच सुमारास त्यांचं विणणं थांबलं. दुपारी त्या आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या, आणि नवरा दुकानातून मध्येच घरी यायचा, दहा मिनिटं आत जाऊन परत जायचा. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलत असतील. बोलू देत.

थंडी सरत आली. एका सोमवारी सकाळी सासूबाईंच्या खोलीत चहा नेऊन ठेवला. परत आले तेव्हा त्यावर साय धरली होती.

आमच्यात उशीर करत नाहीत, दुपारीच न्यायचं असतं. आंघोळ घालायचं काम घरच्यांनी करायचं नसतं, ते बेकरीवाली आणि जुळ्या बहिणी मंगळवारच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत करणार होत्या. कपडे आणून द्यायचं काम आमचं. नणंदेनं आईचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर दोन पुडकी होती, दोन्हींवर पेन्सिलीनं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं. एकावर: हे नवीन बायकांना शिकवायला ठेवायचं. दुसऱ्यावर: हे मला घालायचं.

"माझं कुठलं ग?" नणंदेनं विचारलं. ती रडून रडून सुजली होती.

"मंगळवारच्या खोलीत बघू," मी म्हटलं.

लांब टेबलावर आम्ही दोघींनी पुडकी सोडली. शिकवायला ठेवायचं होतं ते तिचं, जोडलेल्या पायांचा पायजमा वर. मी दुसरं उलगडलं. माझं कापड. माझा कट. माझा गळा. पण शिलाई माझी नव्हती. बाहीवरून, खांद्यावरून, घेरावरून माझा प्रत्येक टाका उसवून पुन्हा घातला होता, मोठा, सैल, थरथरता, काही ठिकाणी दोन टाके एकमेकांवर चढलेले. न दिसणाऱ्या डोळ्यांनी बाईंनी सगळा पोशाख पुन्हा शिवला होता. मी घाईघाईनं अंगरखा धुंडाळला आणि कमर हाताला लागली. चारही डार्ट जिथल्या तिथे होते. त्यांचेही टाके नवे, त्यांच्या हातचे, पण ओळ माझीच. एका धाग्यानंही कमी केले नव्हते.

"ही आईच होती ना?" नणंद म्हणाली. "साधेपणावर मला दर शुक्रवारी भाषण द्यायची."

मला हसू आलं आणि ते निम्म्यात फाटलं. दारात नवरा उभा होता. त्यानं कापड ओळखलं हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

"तुला ठाऊक होतं?"

"सुया मी ओवून द्यायचो," तो म्हणाला. "तिला भोक दिसत नव्हतं. माझ्याकडे भिंग होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"ती म्हणाली, सांगू नकोस."

"आणि तू?"

त्या 'बरं' या एका शब्दाची त्यालाही त्या दिवशी लाज वाटली असावी. मान खाली घालून तो बाहेर गेला, आणि मला त्याचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही.

नणंद एकेक कपडा घडी घालत होती. सदऱ्याच्या डाव्या बाहीपाशी थांबली. तिनं आईसारखे डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ही बाही राहिली आहे."

मी हात लावून पाहिलं. खरंच राहिली होती. तिथपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या. माझी सुबक, झाकलेली, यंत्राला न भिणारी शिलाई, आणि तिच्यात माझ्या चार गाठी.

भिंतीवर बेकरीवालीनं दोनदा थाप मारली. "पाणी तयार आहे. कपडे पाठवा."

"दहा मिनिटं," नणंद तिकडे ओरडली. मग कमरेची किल्ली काढून तिनं कपाट उघडलं, सुई, दोरा आणि कात्री आणून माझ्यापुढे ठेवली. "शीव."

"तू शीव. किल्ली तुझ्याकडे आहे."

"म्हणूनच सांगते आहे."

"वन्सं, माझा हात बाजारी आहे. त्यांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर."

"वहिनी," ती म्हणाली, शाळेतला आवाज लावून, पण तो मधेच चिरकला, "मी शिवली तर ही बाही अंगाला चिकटेल. खाली बस."

मी बसले. एकतीस वर्षं ज्या टेबलाशी मी उभी असायचे त्याच्या खुर्चीत बसले. चार गाठी कापल्या, जुना दोरा ओढून काढला. सुई ओवायला मला कुणी लागत नाही. पहिला टाका घातला तेव्हा हात बारीक टाक्याकडेच जात होता, त्याला ओढून मोठा करावा लागला. दुसरा, तिसरा. वाईट दिसत होते. मला खूप रडू येत होतं आणि टाका दिसत नव्हता, म्हणून मीही डोळे मिटले आणि बोटांनी गेले. काखेपाशी आले, दोरा संपत आला, आणि माझा अंगठा आपला आपणच फिरायला लागला. फास तयार झाला. मी सोडला. पुन्हा झाला.

नणंदेनं पलीकडून हात पुढे केला आणि माझा अंगठा मुठीत घट्ट धरला.

"चल," म्हणाली.

उरलेले टाके मी चार बोटांनी घातले. अंगठा तिच्या मुठीत, सुई सारखी सुटत होती, तिच्या नखाला दोनदा टोचली, ती हूं म्हणाली नाही. आमचं हे शिवण आईंनी उलटं करून बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला मी त्या क्षणी काहीही दिलं असतं. शेवटचा टाका पडला. मी दोरा तसाच सोडून दिला. भिंतीवर पुन्हा थाप पडली, आणि नणंदेनं माझा अंगठा तरीही सोडला नव्हता.